दुसरा हुंकार

“वळायला पाहिजे होतं त्याने!” हरेश ओरडला. “पाणी असो नाहीतर आग असो. भाऊ मागे गेला तर आपणपण मागे जायचं!”

“म्हणजे दोघांची मुंडकी एका जागी पडली असती,” मी म्हणाले. “मग अमीर कोण झालं असतं? मी?”

“नसता झाला. नको होऊ दे ना! अमीर होऊन काय कमावलं? बत्तीस वरसं गादीवर बसला आणि एका झाडाशी बोलत राहिला. फुकट!”

“आणि तू रे? तू काय वेगळं करतोयस?”

हे त्याला लागलं. त्याने काठी ओट्यावर आपटली. समोर अंधारात ते खजुराचं झाड उभं होतं, आणि आम्ही दोघंही त्याच्याकडे बघायचं टाळत होतो.

कुणी ऐकलं असतं तर वाटलं असतं, म्हातारा-म्हातारी जागेच्या वाटणीवरून भांडतायत. पण ऐकायला होतं कोण? कॅम्प एकमधली आमची ती बराक रिकामी झाली होती. नवी इमारत उठणार म्हणून सगळे आपापलं सामान घेऊन गेले होते, मीटरही काढून नेले होते. सकाळी हरेशचा मुलगा प्रेम टेम्पो घेऊन येणार आणि बापाला कुळगावच्या फ्लॅटवर नेणार. मी बुवापाड्याला भाचीकडे जाणार होते. म्हणजे शेवटची संध्याकाळ. आणि भांडण कशावरून, तर बाराशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका राजावरून.

ते भांडण कसं मिटलं तेच मला सांगायचंय. पण एकदम शेवट सांगितला तर म्हणाल म्हातारी बरळतेय. म्हणून पहिल्यापासून ऐका.

आणि आधीच सांगून ठेवते, मी भुताखेतांतली बाई नाही. छप्पन साली आमच्या बापाने देव्हारा घराबाहेर काढला. ज्या घरात देवाला जागा राहिली नाही तिथे भुताला कोण पाट मांडणार? अंगात येणाऱ्या बाया दारात आल्या की माझी आई त्यांना पाणी पाजायची आणि म्हणायची, घाम पूस आता आणि घरी जा. मी त्या आईची लेक.

त्या उन्हाळ्यात मी हरेशकडे गेले ती कैऱ्या द्यायला. त्याची खोली आणि माझी खोली यांच्यात एकच भिंत, तीही महायुद्धाच्या वेळी लष्कराने घाईत घातलेली. चाळीस वर्षं त्या भिंतीतून मी त्याचा खोकला ऐकला, त्याच्या बायकोचं सिंधीतलं भांडण ऐकलं, मग ती गेल्यावरची सामसूम ऐकली. सिंधी मला कुणी शिकवली नाही, ती भिंतीतून आली. वाचायलाही नाही शिकवलं कुणी. पापडाच्या कारखान्यात पुडे बांधायला जुने कागद यायचे, त्यांवर मी अक्षरं जुळवली.

हरेशचे डोळे त्या वर्षी गेले. एक पुरता, दुसरा धुरकट. बटणं-दोऱ्याचं दुकान प्रेमने कधीच विकलं होतं. दिवसभर ओट्यावर बसायचा, झाडाकडे तोंड करून.

“बनू,” कैऱ्या चाचपत तो म्हणाला, “तू काय ते वाचत असते ना, मोठ्याने वाच की. टाइम जात नाही.”

तेव्हा माझ्याकडे रद्दीतून आणलेलं एक जाडजूड पुस्तक होतं, अरबांच्या इतिहासाचं, पुठ्ठा गेलेलं. दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीला मी ते घेऊन बसू लागले. वाचून दाखवण्यापेक्षा सांगायचेच, कारण पुस्तकाची भाषा कोरडी होती.

गोष्टीला हुंकार लागतो, हे तुम्हांला माहीत असेल. ऐकणाऱ्याने वाक्यावाक्याला ‘हं’ म्हणायचं. त्याचा ‘हं’ थांबला की सांगणाऱ्याने गोष्ट थांबवायची. माझी आजी कुशीत घेऊन सांगायची तेव्हा हाच कायदा. हरेशकडेही तोच. तो ‘हूंऽ’ म्हणायचा, थोडं लांबवून, लहान पोरासारखा.

“माझी बहीण जेठी सांगायची गोष्टी,” तो म्हणाला होता. “मी हूं नाही केला तर चिमटा काढायची.”

तर मी सांगू लागले.

अब्दुर्रहमान. दमास्कसच्या खलिफांच्या घरातला पोर, विशीचा. घराण्याचं राज्य गेलं. नवे राज्यकर्ते आले काळी निशाणं घेऊन. त्यांनी जुन्या घराण्याला जेवायला बोलावलं आणि ताटांवरच कापलं. हूंऽ. हा पोर नदीकाठच्या एका खेड्यात लपला. हूंऽ. एक दिवस झाडांमागून काळी निशाणं दिसली. हा पळाला, बरोबर धाकटा भाऊ, तेरा वर्षांचा. दोघांनी युफ्रेटिस नदीत उड्या टाकल्या. हूंऽ. घोडेस्वार काठावर थांबले आणि त्यांनी गोड आवाजात हाक मारली, “परत या रे पोरांनो, तुम्हांला कुणी काही करणार नाही.” भाऊ दमला होता. मधूनच वळला. अब्दुर्रहमान ओरडला, वळू नको, माझ्याकडे ये. तो नाही आला. हा पैलतीराला लागला, मागे पाहिलं, तर काठावर त्यांनी त्या पोराचं...

हुंकार आला नाही.

मी पाहिलं. हरेशने पंच्याचा बोळा तोंडात कोंबला होता आणि त्याचे खांदे हलत होते.

मी थांबायला हवं होतं. कायदाच तो. पण तेवढ्यात हुंकार आला.

“हूंऽ.”

बारीक. लांबवलेला. मी सवयीने पुढचं वाक्य बोलून गेले, आणि मग माझ्या मानेवर काटा आला, कारण पंचा अजून हरेशच्या तोंडातच होता.

रिकाम्या बराकीत आवाज फिरतो, असं मी स्वतःला सांगितलं. पुस्तक मिटलं. घरी येऊन भात टाकला. भात करपला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला ते सांगितलं, जे चाळीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. फाळणीच्या साली, सिंधमधल्या सक्करच्या घाटावरून रात्री त्यांची नाव सुटली होती. बाप, आई, नऊ वर्षांची जेठी आणि पाच वर्षांचा हा. पलीकडच्या काठाला गाडी मिळणार होती. घरात म्हातारी डाडी एकटी राहिली होती, बापाची आई. ती म्हणाली, मी नाही येत, माझी हाडं इथेच राहू देत. नाव काठापासून जरा सुटली आणि मागून हाक आली. हरीऽ, जेठीऽ, मोटी अच. परत या.

“डाडीचाच आवाज,” हरेश म्हणाला. “मी ओरडणार होतो, बाबाने माझ्या तोंडात खजूर टाकला आणि वरून हात दाबला. जेठीने उडी मारली. पाणी कमरेएवढंच होतं. ती गेली, बनू. अंधारात गेली. बाबाने नाव थांबवली नाही. बाकीचे लोक थांबू देत नव्हते.”

“मग?”

“मग काय. इथे कॅम्पात उतरलो तरी त्या खजुराची बी माझ्या गालात होती. आईने काढून इथे पुरली.”

त्याने काठीने समोर दाखवलं. एवढी वर्षं मी त्या झाडाखाली कपडे वाळत घातले, आणि ते कशातून उगवलंय ते मला ठाऊक नव्हतं. खजूर त्याला कधी लागला नाही. एकट्या झाडाला लागत नाही म्हणतात, नराचा फुलोरा आणून हाताने बांधावा लागतो. इथे दुसरं झाड होतं कुठे?

“जेठीचं काही कळलं नाही?”

“नाही. तुझ्या राजपुत्राने बघितलं तरी. काय झालं ते डोळ्याने बघितलं. मला मालूमच नाही.”

मला वाटलं ही गोष्ट बंद करावी. त्याने करू दिली नाही. तो अमीर त्याच्या जिवाला लागला होता. सकाळी उठून भिंतीवर थाप मारायचा, “बनू, तो आफ्रिकेत पोचला काय?” मी चुलीपाशी असले तरी ओरडून सांगायचे, “पोचला, पण उपाशी आहे, आता गप बस!”

पाच वर्षं तो राजपुत्र रानोमाळ भटकला. सोबतीला बद्र नावाचा एक सोडलेला गुलाम. हूंऽ. मग समुद्र ओलांडून स्पेनात उतरला, जिथे त्याला ओळखणारं कुणी नव्हतं, आणि लढून कोर्दोब्याची गादी घेतली. हूंऽ. खलिफा म्हणवलं नाही, अमीर म्हणवलं. बगदादच्या खलिफाने त्याच्यावर माणूस धाडला, तर याने त्या माणसाचं डोकं मिठात आणि कापरात घालून परत पाठवलं. “शाब्बास!” हरेश म्हणाला. एकदा भूक आणि भीती ज्याने पाहिली त्याचा कुणावर विश्वास राहत नाही. शेवटी ज्या बद्रने त्याच्याबरोबर उपास काढले त्यालाही त्याने दरबारातून हाकलून दिलं. यावर हरेश दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, जसं काही मीच हाकललं होतं.

आणि दर संध्याकाळी हुंकार दोन यायचे. एक हरेशचा, मागून एक बारीक, जरा उशिराचा. मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. खरं सांगू? पहिल्या आठवड्यानंतर मला त्याची भीती वाटेना. ऐकणारं पोर चांगलं होतं. रंगात आलेल्या जागी ते श्वास रोखायचं, आणि मी मुद्दाम जरा थांबायचे. मला कुठे होतं मूल, गोष्ट ऐकायला.

भीती वाटली ती खजुराच्या संध्याकाळी.

मी सांगत होते. अमीराने कोर्दोब्याबाहेर बाग केली, आज्याच्या शामदेशातल्या, म्हणजे दमास्कसकडच्या मुलखातल्या, महालाचं नाव तिला दिलं, आणि तिकडचा एक खजूर आणून लावला. त्या मुलखात तसं झाड नव्हतं. संध्याकाळी त्याच्यापाशी उभा राहून तो त्याच्याशी बोलायचा, तूही माझ्यासारखंच परक्या मातीत आलंस म्हणून. त्याने बहिणींना आणायला माणसं पाठवली. त्या आल्या नाहीत. म्हणाल्या, आम्ही इथे सुखात आहोत, तू तिथे सुखात राहा. डाळिंबं तेवढी पाठवली.

“एवढं लांबून डाळिंबं?” हरेश म्हणाला. “सुकली असतील.”

“त्यांच्या बिया लावल्या त्याने. उगवल्या.”

“हूंऽ,” तो म्हणाला. “हूंऽ,” ते म्हणालं.

मग वास आला. आमच्याकडे वास म्हणजे वालधुनी नाल्याचा, जीन्स धुतलेल्या निळ्या पाण्याचा, नाकाला झोंबणारा. हा तसला नव्हता. गाळाचा होता, थंड, गोडसर, मोठ्या नदीच्या काठचा. अशी नदी आमच्या आसपास नाही. झाडाच्या झावळ्या हलत नव्हत्या. आणि झाडाच्या पलीकडून, जिथे पाडलेल्या खोल्यांच्या विटांचा ढीग होता तिथून, म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. किती मायेचा आवाज, काय सांगू.

“हरीऽ... मोटी अच...”

हरेश उठला. तोंड उघडलं. मी त्याचं मनगट धरलं.

“ओ देऊ नको.”

“डाडी आहे, बनू...”

“पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते. तीनदा आली तरच माणूस. ते तिसऱ्यांदा बोलवत नाही.”

हे मी बोलले. मी! आजीचा डोंगरपाड्यावरचा नियम, ज्याला मी जन्मभर हसले, तो माझ्या तोंडातून निघाला.

“तुझा कायदा तुझ्या पाड्यावर,” तो म्हणाला. “आमच्यात मोठ्या माणसाच्या पहिल्या हाकेला उठायचं. नाहीतर डाडी कान पिळायची.”

पण हाक पुन्हा आली नाही. तो हळूहळू बसला. वास गेला.

नंतर रोज एकदाच यायची. एकदाच. तो उठायला बघायचा, मी मनगट धरून बसायचे. तेव्हाच मला कळलं की प्रेमने त्याला इथून नेलं पाहिजे, लवकर. प्रेमला फोनवर काय सांगणार? म्हटलं, “बापाला घेऊन जा, एकट्याने राहायच्या लायकीचा नाही तो.” प्रेम म्हणाला, “काकी, मी तर वरसभर मागे लागलोय, पप्पाच ऐकत नाहीत. तुम्ही बोला ना.” मी बोलले. हरेशचं एकच म्हणणं. “मी कुळगावला गेलो आणि जेठी आली तर? तिला पत्ता कोण सांगणार? झाडपण तोडतील.”

तो जाईल तर माझ्या भिंतीपलीकडचा खोकलाही जाईल, हे मला कळत होतं. तरी मी त्याचं सामान बांधलं. त्याला जिवंत पाठवायचा होता, एवढंच डोक्यात.

आणि मग ती शेवटची संध्याकाळ. चार्जिंगची बत्ती मधे ठेवली. पुस्तकाचं त्या राजापुरतं शेवटचं पान उरलं होतं. म्हातारपणी त्याने मोठी मशीद बांधायला काढली. खांबांचं रान, एकापुढे एक, खजुरांची रांग उभी करावी तसे. ती पुरी व्हायच्या आत तो वारला. एका डोळ्याने आंधळा झाला होता. शामदेश पुन्हा दिसला नाही.

दोन्ही हुंकार आले. मी पुस्तक मिटलं. गाळाचा वास आला.

“हरीऽ... मोटी अच...”

“वळायला पाहिजे होतं त्याने,” हरेश पुटपुटला. आणि मग ओरडला. तिथून आमचं ते भांडण, जे मी आधी सांगितलं.

तू काय वेगळं करतोयस, असं मी विचारलं, आणि त्याने काठी आपटली, तेव्हा दुसरी हाक आली. अशी कधी आली नव्हती. बत्तीभोवतीचे किडे आपोआप बाजूला झाले.

“हरीऽ...”

तिसरी.

आजी म्हणायची, ते तिसऱ्यांदा बोलवत नाही. बोलावलं त्याने.

हरेश हसला. अंधाराकडे तोंड करून, पाच वर्षांच्या पोरासारखा. “झाला ना तुझा कायदा पुरा? आता सोड मला.”

त्याने ओ द्यायला श्वास घेतला आणि मी त्याच्या तोंडावर हात दाबला. दोन्ही हात. तो चावला. मी सोडले नाहीत. त्याचे दात माझ्या तळव्यात, ओठ माझ्या हाताखाली मिटलेले. आणि तशात हुंकार आला.

“हूंऽ.”

आमच्या पायाशी. ओट्याच्या खालच्या पायरीवरून. कुणी गोष्ट ऐकायला गुडघे जवळ घेऊन बसावं, तेवढ्या उंचीवरून.

माझे हात आपोआप सुटले.

“ऐकलंस?” हरेशच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “जेठी! डाडीबरोबर जेठीपण आहे! दोघी आल्या.”

“हरेश, ऐक माझं. हाक तिकडून येते, विटांच्या मागून. हुंकार इथून येतो. ही तुला बोलवत नाहीये. हिने आजवर एकदाही बोलावलं नाही, ही नुसती ऐकत होती...”

“तू चूप! बाबानेपण असंच तोंड दाबलं माझं! काठावर डाडी होती, मी तिचा आवाज ओळखत नाही काय? जेठी वळली, ती डाडीला जाऊन मिळाली. घरी गेली, जेवली, झोपली. वळला तो घरी पोचला, बनू! मीच नाही वळलो. मीच इथे बसलोय झाडाशी बोलत. तुझा अमीर वेडा होता. आता मी ओ देणार आणि जाणार.”

“आणि ती डाडी नसली तर?”

“मग कोण होतं? सांग! तू होतीस तिथे?”

मी नव्हतेच तिथे. जी नदी मी पाहिली नाही तिच्या काठावर कोण उभं होतं, हे मी कुठल्या पुस्तकातून सांगणार?

चौथ्यांदा हाक आली, आता विटांच्या मागून नाही, अगदी झाडाजवळून, आणि हरेशने एक पाय पायरीवर टाकला. तेव्हा त्या पायरीवरून, एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच, हुंकाराऐवजी शब्द आले. बारीक आवाजात, सिंधीत, मला प्रत्येक अक्षर कळलं.

“मी परत गेले, हरी, तेव्हा काठावर कुणीच नव्हतं.”